घड्याळ, तराजू आणि मातेचे दूध

गोमंतकातील देवालयांत तुळाभाराची सेवा आजही होते. मूल एका पारड्यात बसवायचे आणि त्याच्या भारोभार गूळ, साखर वा केळी देवाला वाहायची. हा तराजू कृतज्ञतेचे माप घेतो. मुलाचे वजन किती भरले, कमी की अधिक, हा प्रश्न तेथे कोणी करीत नाही. परंतु अंगावर पिणारे मूल ठरल्या दिवशी तराजूत घालून त्याच्या पोषणाची परीक्षा करावी, ही रीत तुलनेने अर्वाचीन आहे. तिच्या पाठोपाठ पाळण्यापाशी घड्याळही आले. या दोन यंत्रांपैकी एकाचे उपकार मोठे आहेत. दुसऱ्याने मात्र असंख्य मातांचा स्वतःच्या दुधावरील विश्वास डळमळीत केला. त्याचा हा संक्षिप्त इतिहास.

आपल्याकडील प्राचीन वैद्यकाला घटकांचा हिशेब या कामी ठाऊक नव्हता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात असा विचार आला आहे की, अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, किंबहुना नुसत्या स्मरणानेही स्तन्य वाहू लागते आणि अखंड स्नेह हेच त्याचे कारण होय. तथापि प्राचीनांचे सर्वच आज ग्राह्य मानता येणार नाही. प्रसूतीनंतर तिसऱ्या वा चौथ्या दिवशी दूध उतरते, असे मानून तोवर मध व तूप चाटविण्याचा विधी त्याच ग्रंथात सांगितला आहे. पहिल्या दिवसांतील पिवळसर, दाट चीक हे बालकाचे पहिले संरक्षण असून जन्मानंतर तासाभरातच मूल छातीशी लावावे आणि वर्षाच्या आत मध मुळीच देऊ नये, हे आता निश्चित झाले आहे.

मुलाने किती वेळा प्यावे हे वैद्याने ठरवून द्यावे, ही कल्पना युरोपात अठराव्या शतकात बळावली. विल्यम कॅडोगन या इंग्रज वैद्याने १७४८ साली लंडनच्या अनाथ बालकाश्रमाच्या चालकांसाठी एक निबंध लिहिला. श्रीमंत स्त्रियांनी मुले दाईंच्या हवाली न करता स्वतः पाजावीत आणि बालकांना कपड्यांत करकचून बांधू नये, हे त्याचे सांगणे स्तुत्य होते. परंतु दिवसाकाठी चार वेळा पाजणे पुरे, रात्री मुळीच नको, असाही दंडक त्याने घालून दिला. स्त्रियांच्या अनुभवापेक्षा वैद्याचा तर्क वरचढ मानण्याची वृत्ती येथे स्पष्ट दिसते.

तराजूचा मान फ्रान्सकडे जातो. पॅरिसच्या शारिते रुग्णालयात पिएर ब्युदँ यांनी १८९२ साली तान्ह्या मुलांसाठी तपासणीचा उपक्रम सुरू केला. तेथे बाळंत झालेल्या गरीब स्त्रिया घरी गेल्यावरही मुलांना घेऊन नेमाने येत. मुलांचे वजन करून त्याची नोंद होई. अंगावर पाजण्यास उत्तेजन देणे हा ब्युदँ यांचा मुख्य हेतू होता. मातेचे दूध खरोखर अपुरे पडे तेथेच ते निर्जंतुक केलेले गाईचे दूध देत. त्या काळी उन्हाळ्यात नासक्या दुधाने होणाऱ्या अतिसारात शेकडो बालके दगावत. वजनाची उतरती रेघ संकट येण्यापूर्वीच सावध करी. आज गावोगावच्या अंगणवाडीत दिसणारा वजनकाटा हा याच परंपरेचा वंशज आहे.

घड्याळाचा सर्वांत कट्टर पुरस्कर्ता निघाला न्यूझीलंडमध्ये. फ्रेडरिक ट्रूबी किंग हे सीक्लिफ येथील मनोरुग्णालयाचे अधीक्षक. तेथील शेतावर वासरांच्या आहाराचे प्रयोग करता करता त्यांचे लक्ष मानवी बालकांकडे वळले. १९०७ साली ड्यूनेडिन येथे त्यांनी स्थापिलेली संस्था पुढे गव्हर्नरपत्नी लेडी प्लंकेट यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. किंग हे मातेच्या दुधाचे कैवारी होते, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु दर चार तासांनी पाजावे, रात्री पाजू नये, मधल्या वेळी मूल रडले तरी उचलू नये, हा त्यांचा पाठ होता. नियमाने शील घडते, अशी त्यांची श्रद्धा होती. ही शिकवण इंग्रजी साम्राज्यात दूरवर पसरली.

या शिस्तीत दोष कोणता? मातेचे दूध म्हणजे कणगीत भरून ठेवलेले धान्य नव्हे. ते विहिरीच्या झऱ्यासारखे आहे. उपसा झाला की झरा वाहतो, पाणी तुंबले की मंदावतो. स्तनात दूध साचून राहिले म्हणजे नवे दूध तयार होण्याचा वेग कमी होतो. दूध साठविण्याची क्षमताही प्रत्येक स्त्रीची निराळी असते. जिची क्षमता अधिक, तिला चार तासांचे अंतर एखादे वेळी सोसेल. जिची कमी, तिचे दूध काही आठवड्यांत आटू लागेल. मग तराजू मुलाचे वजन वाढत नसल्याचे दाखवी, वैद्य "दूध पुरत नाही" असा निर्णय देई आणि बाटली घरात येई. बाटलीमुळे छातीशी लावणे आणखी घटे व दूध अधिकच आटे. दोष घड्याळाचा, परंतु ठपका मातेवर!

या मताला तडे जाण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. १९३९ साली सिसिली विल्यम्स या स्त्री-डॉक्टरांनी सिंगापूर येथील व्याख्यानात डबाबंद दुधाच्या प्रचाराने होणाऱ्या बालमृत्यूंना हत्येचीच उपमा दिली. १९४२ साली अमेरिकेत मॅक्लेंडन व सिमसारियन यांनी मुलाच्या मागणीप्रमाणे पाजण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. १९४८ साली नाइल्स व मायकेल न्यूटन या दांपत्याने दाखवून दिले की, मन विचलित झाले किंवा वेदना झाल्या की मातेचे दूध कमी उतरते. सुश्रुताला शरीरातील स्रावांचे ज्ञान होते, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु स्नेह आणि दूध यांचा संबंध त्याने नेमका हेरला होता.

तराजूकडूनही एक अन्याय झाला. १९७७ पासून जगभर वापरले गेलेले वाढीचे तक्ते तान्ह्या मुलांपुरते अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या, बहुतांशी बाटलीवर वाढलेल्या मुलांवरून बेतलेले होते. अंगावर पिणारे मूल पहिले दोन-तीन महिने झपाट्याने वाढते आणि मग त्याचा वेग जरा मंदावतो; त्या तक्त्यावर ते मागे पडल्यासारखे दिसे. जागतिक आरोग्य संघटनेने दिल्लीसह सहा देशांतील सहा ठिकाणच्या सुमारे ८,५०० मुलांचा अभ्यास करून २००६ साली नवे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात अंगावर पिणारे मूल हेच प्रमाण मानले गेले.

त्याच वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक ते सहा महिने वयाच्या ७१ निरोगी मुलांची नोंद प्रसिद्ध केली. ही मुले दिवसरात्रीत ६ ते १८ वेळा पीत. सरासरी ११ वेळा. विशेष असे की, वेळा अधिक म्हणून दिवसाचे एकूण दूध अधिक, असेही आढळले नाही. कोणी थोडे थोडे वारंवार पिई, कोणी एकदम पोटभर. तात्पर्य, घड्याळाचा चार तासांचा आकडा जसा खोटा, तसा दुसरा कोणताही एकच आकडा सर्वांना लागू नाही.

पहिल्या आठवड्यांत मात्र ८ ते १२ वेळा पाजणे सर्वसाधारणपणे आवश्यक असते. जन्मानंतर प्रथम वजन थोडे उतरते, ते बहुधा दोन आठवड्यांत भरून येते आणि पुढील महिन्यांत दररोज २० ते ३० ग्रॅमची वाढ अपेक्षित असते. वजन असे भरून न आले, किंवा मूल मलूल होऊन लघवी कमी करू लागले, तर डॉक्टरांकडे नेण्यास विलंब करू नये. सहा महिने केवळ मातेचे दूध, हा २००१ सालचा जागतिक आरोग्य संघटनेचा निर्णय आणि सहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगणारी आपली गृह्यसूत्रे यांचा मेळही लक्षात घेण्याजोगा आहे.

बाळंतिणीच्या खोलीत वडीलधाऱ्यांच्या शब्दाला आजही वजन असते. "तुझे दूध पुरत नाही" हे वाक्य तेथे किती सहजपणे उच्चारले जाते! ते उच्चारण्यापूर्वी मूल नीट धरते का, रात्री पाजले जाते का, मातेला विसावा व पोटभर अन्न मिळते का, याची विचारपूस घरातील थोरांनी करावी. तराजू घरी असावा वा दवाखान्यात, त्याची साक्ष अवश्य घ्यावी. परंतु निकाल देण्यापूर्वी मातेचे म्हणणे ऐकून घ्यावे.