सांध्यावरच्या पट्टीची कुळकथा

गुडघा धरला की केमिस्टकडून आणून चिकटवायच्या पट्टीची दोन घराणी आहेत. जुनं जपानचं. क्युशू बेटावरचं तोसू हे पिढीजात औषधविक्यांचं गाव. तिथल्या हिसामित्सू पेढीने १९०७ मध्ये ‘असाही मानकिन्को’ ही मलमपट्टी काढली. पण मलम काळंकुट्ट, काढल्यावर अंगावर डाग राहायचे. १९३४ मध्ये आलेलं ‘सालोनपास’ पांढरं होतं आणि त्याला मिथाइल सॅलिसिलेटचा तो ओळखीचा झणझणीत वास होता. लावायचं जिथे दुखतं तिथेच.

दुसरं घराणं कॅलिफोर्नियाचं. मोंतेविदेओत जन्मलेल्या अलेहांद्रो झाफरोनी यांनी १९६८ मध्ये ‘अल्झा’ कंपनी काढली. त्यांना औषध त्वचेतून थेट रक्तात, तेही मापात सोडायचं होतं. अमेरिकेत १९७९ मध्ये मान्य झालेली अल्झाची पहिली पट्टी होती प्रवासात मळमळणाऱ्यांसाठी. नाण्याएवढी, कानामागे लावायची, कारण तिथली त्वचा औषध लवकर शोषते. आत औषधाचा साठा, त्याखाली ते हळूहळू झिरपू देणारा पडदा, शेवटी चिकट थर. एक पट्टी तीन दिवस पुरे.

सांध्यांच्या दाहाचं गणित मात्र इतकं सोपं नाही. त्वचेचा वरचा मृत पेशींचा थर साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणूंना आत येऊ देत नाही, असा ठोकताळा बॉस आणि माइनार्डी यांनी २००० मध्ये मांडला. वेदनाशामक डायक्लोफेनॅक २९६ चं, म्हणून त्याची पट्टी निघू शकली. र्‍हुमॅटॉइड संधिवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट ४५४ चं. वजनात बसतं, पण पाण्यात रमणारं असल्याने या तेलकट थरातून सहज जात नाही. याच आजारावर इंजेक्शनने देतात ते अ‍ॅडालिमुमॅब तर सुमारे १,४८,००० चं.

त्यावर तोड म्हणून सूक्ष्म सुया आल्या. जॉर्जिया टेकमधल्या मार्क प्राउस्निट्झ यांच्या गटाने १९९८ मध्ये मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढ्या सिलिकॉनच्या सुया वापरून दाखवल्या. टोकं वरचा थर भेदतात, पण वेदना जाणवण्याइतकी खोल जात नाहीत. मेथोट्रेक्सेट असं देण्याचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत.

दुकानातली पट्टी ठणका कमी करते, सांधा कुरतडणारा आजार थांबवत नाही. तेव्हा पट्टीने बरं वाटलं म्हणून डॉक्टरांनी दिलेलं मेथोट्रेक्सेट परस्पर बंद करू नका. आणि वेदनाशामक गोळी चालू असेल, तर पट्टी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.