भिवंडीच्या खाडीतलं आरमार

भिवंडी म्हटलं की आपल्याला यंत्रमाग, गोदामं आणि ट्रॅफिक आठवतं. पण शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीकाठी झाली, बरं का! ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि पाठोपाठ जहाजबांधणी सुरू झाली.

गंमत अशी, की खाडीच्या तोंडाशी वसईचा किल्ला, तो पोर्तुगीजांचा. ठाण्याकडून समुद्रात जावं तर तिथेही तेच. आणि जहाजं बांधून देणारा उस्तादही पोर्तुगीजच, रुई लैतांव व्हियेगस! ही जहाजं उद्या आपल्याच अंगावर येणार, अशी वसईकरांना धास्ती. १६५९ मध्ये वसईच्या कप्तानाने त्याला फितवलं आणि तो सुमारे ३४० माणसांसह काम टाकून निघून गेला.

आमच्या आयटीत व्हेंडरची अख्खी टीम अशी गेली, तर प्रोजेक्ट बुडालाच म्हणून समजा. नॉलेज ट्रान्सफर वगैरे कुठलं! इथे मात्र काम थांबलं नाही. माझा अंदाज सांगतो... कोकणातले सुतार आणि कोळी पिढ्यानपिढ्या होड्या-गलबतं बांधत होतेच. लढाऊ जहाजाचं जे काही नवं होतं, ते त्यांनी दीड-दोन वर्षांत शेजारी उभं राहून टिपलं असणार.

फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः समुद्रमार्गे बसरूरवर गेले. सोबत ८५ लहान आणि ३ मोठी जहाजं होती.