उपकर भरूनही टेकूवरच : मुंबईच्या जुन्या इमारतींची कहाणी

डोंगरी, भेंडीबाजार, नागपाडा, मदनपुरा. यांपैकी कुठेही जुनी इमारत कोसळली की एकच प्रश्न ऐकू येतो: नोटीस आली होती, तरी हे लोक घर सोडत का नाहीत? यातला 'हे लोक' मला नेहमी खटकतो. गिरगाव-काळबादेवीच्या चाळींतही माणसे टेकू लावलेल्या छताखाली राहतात. याचे उत्तर धर्मात शोधण्यापेक्षा भाड्याच्या कायद्यात शोधावे.

1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 चे भाडे साधारणपणे प्रमाण मानले. गिरणी आणि गोदी कामगारांना त्यामुळे शहरात राहता आले. पण महागाई वाढत गेली, भाडे तिथेच राहिले आणि मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतले. भाडेकरूंनी मात्र खोलीसाठी पागडीच्या रूपाने मोठी रक्कम मोजलेली असे. या व्यवहाराला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट 1999 च्या कायद्याने. तोवर कुटुंबाची सगळी पुंजी कागदावर नसलेल्या हक्कात अडकलेली होती. त्या हक्काचा खरा पुरावा एकच, घराचा ताबा.

साठच्या दशकात इमारती पडू लागल्या तेव्हा सरकारने 1969 मध्ये दुरुस्ती व पुनर्रचनेचा कायदा केला. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या 19,642 खासगी इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला. बांधकामाच्या वर्षानुसार त्यांचे अ, ब, क असे गट पडले. 1940 पूर्वीच्या इमारती 'अ' गटात. पुढे दुरुस्ती मंडळ आले आणि 1977 पासून ते काम म्हाडाकडे गेले. उपकरात सरकारी निधीची भर पडते हे खरे, पण रहिवासीही त्यात पैसे घालतात. म्हणून दुरुस्तीला मी खैरात म्हणत नाही.

अडचण खर्चाच्या मर्यादेत आहे. दर चौरस मीटरमागे ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च येत असेल तर वरचा पैसा रहिवाशांनी द्यायचा. ते न जमल्यास इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते आणि माणसे उपनगरातल्या संक्रमण शिबिरात जातात. 'संक्रमण' म्हणजे तात्पुरते; पण तिथे कित्येक कुटुंबांची दुसरी पिढी वाढली. कारखाना, मदरसा, मशीद आणि उधारी देणारा वाणी मोहल्ल्यातच राहिला. ताबा सोडलेल्या शेजाऱ्याचे काय झाले, हे मागे राहिलेला रोज पाहतो.

1986 मध्ये आणखी एक वाट निघाली: भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन रहिवाशांच्या सहकारी संस्थेसाठी इमारत संपादन करायची. मालक न्यायालयात गेले. त्यातून उभ्या राहिलेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 5 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिला. तोवर 38 वर्षे उलटली होती. दरम्यान 1991 च्या नियमांनी जादा चटईक्षेत्र देऊन बिल्डरला पुढे आणले. रुंद रस्त्यावरच्या मोठ्या भूखंडावर तो आला. अरुंद गल्लीतल्या चिंचोळ्या, वादग्रस्त जागेवर त्याला नफा दिसेना.

31 ऑगस्ट 2017 ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून 33 जण गेले. ती पुनर्विकास प्रकल्पातच होती. काही कुटुंबे हलली होती, काही मागे राहिली होती. 16 जुलै 2019 ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला, तेव्हा म्हाडाने सांगितले की पडलेला भाग उपकराच्या यादीतच नाही. ढिगाऱ्याखालच्या माणसाला या यादीने काय फरक पडतो?

माझी मागणी साधी आहे. घर सोडायला लावताना परतीचा हक्क, नव्या घराचे क्षेत्रफळ आणि मुदत लेखी द्या, आणि मुदत मोडली तर कोण जबाबदार तेही लिहा. तसा कागद हातात पडल्यावरही कुणी बसून राहिला, तर मग त्याला जरूर विचारा, तू घर का सोडत नाहीस?