दोन इंचांचा प्ले

आमची प्रीमियर पद्मिनी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. १९९६ चं मॉडेल, पांढरा रंग, गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली. बाबांचा जीव माझ्यापेक्षा तिच्यावर जास्त आहे असं आई म्हणते. पुरावा म्हणून पावसाळ्यात ताडपत्री कुणाला मिळते आणि भिजत कोण येतं ते मोजून दाखवते.

तर मागच्या दिवाळीत सातारा ते वाई असा प्रवास होता. बाबा चालवत होते, मी शेजारी. समोरून एसटी आली, बाबांनी गाडी जरा डावीकडे घेतली आणि ती जरा ऐवजी बरीच गेली. डावी चाकं साइडपट्टीवर उतरली, आई मागून ओरडली, पुढं काही झालं नाही. पण मी त्याआधी दहा मिनिटं बघत होतो, बाबांचा हात सरळ रस्त्यावरसुद्धा सारखा डावी-उजवीकडे हलत होता.

घरी आल्यावर मी बोललो. "बाबा, तुमचा हात आता स्थिर राहत नाही. यापुढं मी असेन तेव्हाच गाडी काढायची."

बाबा ६९ वर्षांचे आहेत. वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी किल्ली खिशातून काढली, टीव्हीशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि चहा मागितला. झालं.

फेब्रुवारीत मी साताऱ्याला गेलो तेव्हा किल्ली तिथंच होती. गाडी तीन महिने उभी, म्हणून म्हटलं एक फेरी मारून आणू. कोरेगाव रस्त्याला लागलो आणि पाचव्या मिनिटाला लक्षात आलं की माझाही हात डावी-उजवीकडे हलतोय. स्टेअरिंग दोन इंच फिरवलं तरी गाडीला पत्ताच नाही, आणि त्यापुढं केसभर फिरवलं की गाडी एकदम जागी होते. माझं वय २८. माझ्या हाताला काहीही झालेलं नाही.

गॅरेजच्या भाषेत याला 'स्टेअरिंगला प्ले आलाय' म्हणतात. हा प्ले येतो कुठून, हे शोधायला त्या रात्री बसलो आणि थेट दोनशे वर्षं मागं गेलो. (शनिवार होता, चालतं.)

सुरुवात बैलगाडीपासून करू. बैलगाडीला स्टेअरिंग नाही, कारण बैल आहेत. दोनच चाकं, दोन्ही आसावर आपापली मोकळी फिरणारी. बैल वळले की गाडी वळली. प्रश्न चार चाकांचा आहे. युरोपातल्या घोड्यांच्या बग्ग्यांमध्ये पुढचा आख्खा आस मध्यभागी एका खिळीवर फिरायचा. त्याला जागा हवी, म्हणून पुढची चाकं लहान ठेवावी लागत, नाहीतर ती बग्गीच्या पोटाला घासत. शिवाय आस पूर्ण वळला की गाडीचा पाया जवळजवळ त्रिकोणी होतो आणि वेगात असलेली बग्गी कलंडते.

या कटकटीवर पहिल्यांदा डोकं चालवणाऱ्यांत इरॅस्मस डार्विन हा इंग्लिश डॉक्टर होता, उत्क्रांतिवाल्या चार्ल्स डार्विनचे आजोबा. रोगी बघायला त्यांना खराब रस्त्यांवरून खूप हिंडावं लागे. १७५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी असा विचार मांडला की आख्खा आस फिरवण्यापेक्षा तो जागच्या जागी ठेवावा आणि त्याच्या टोकांना असलेली दोन चाकं आपापल्या खिळीवर वळवावीत. त्यांनी पेटंट घेतलं नाही. पुढं १७६८ मध्ये बग्गीतूनच फेकले जाऊन त्यांच्या गुडघ्याची वाटी मोडली.

साधारण साठ वर्षांनी म्युनिकमधल्या गेओर्ग लांकेन्स्परगर या बग्गी बनवणाऱ्या कारागिरानं हीच गोष्ट स्वतंत्रपणे करून दाखवली. लंडनमधला त्याचा प्रतिनिधी होता रुडॉल्फ आकरमान. धंदा चित्रं आणि पुस्तकं छापायचा. त्यानं १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये या कल्पनेचं पेटंट आपल्या नावावर घेतलं. आज जगभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत (आमच्याही) ही रचना 'आकरमान स्टेअरिंग' म्हणूनच शिकवतात. कल्पना बग्गीवाल्याची, नाव पुस्तकवाल्याचं. पाचव्या सेमिस्टरला मी त्यावर सहा मार्कांचं उत्तर लिहिलंय आणि त्यात लांकेन्स्परगरचा उल्लेखही नव्हता.

या रचनेतली मेख शाळेच्या कवायतीत सापडते. रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा ढांगा टाकतो, कारण बाहेरचं वर्तुळ मोठं. गाडीचं तसंच. वळताना आतलं चाक लहान वर्तुळावर असतं, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त कोनात वळायला हवं. दोन्ही सारखी वळली तर एक चाक रस्त्यावर घासत जाणार. चाकं वेगवेगळ्या खिळ्यांवर, पण एका दांड्यानं अशी जोडायची की दोघांचा कोन आपोआप वेगळा यावा, हे कोडं.

बग्गीवाल्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, घोडा सांभाळून घेत होता. घोडा गेल्यावर मात्र पळवाट उरली नाही. फ्रान्समध्ये ल मां गावच्या आमेदे बोले यानं १८७३ मध्ये बारा माणसांची वाफेची गाडी बनवली आणि तिच्या पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र खिळ्या दिल्या. गाडी इतकी सहज वळायची की तिचं नावच पडलं 'लोबेइसांत', म्हणजे आज्ञाधारक. १८७५ मध्ये ती ल मांहून पॅरिसला अठरा तासांत पोचली.

कार्ल बेंझ याची गंमत तर अजून वेगळी. १८८६ मध्ये पेटंट घेतलेली त्याची पहिली मोटार तीन चाकांची होती. का? कारण चार चाकांसाठी पसंत पडेल असं स्टेअरिंग त्याला मिळत नव्हतं. एकच चाक पुढं लावलं, प्रश्नच मिटला. (आपली रिक्षा आजही त्याच उत्तरावर चालते.) इंजिन आधी जमलं आणि वळणं नंतर. चार चाकांच्या स्टेअरिंगचं पेटंट त्यानं १८९३ मध्ये घेतलं.

अजून गोल चाक हातात आलेलं नव्हतं. सुरुवातीच्या गाड्या होडीसारख्या एका आडव्या दांड्यानं वळवत. १८९४ च्या पॅरिस-रुआं शर्यतीत आल्फ्रेड वाशरों यानं आपल्या पानहार गाडीला गोल चाक लावलं आणि पुढच्या काही वर्षांत दांडा मागं पडला. दांड्याची अडचण अशी की खड्ड्यातला प्रत्येक दणका सरळ मनगटात येतो. म्हणून हात आणि चाक यांच्यामध्ये स्टेअरिंग बॉक्स आला. त्यात एक पेचासारखा दांडा असतो, वर्म. हातानं तो फिरवला की पुढची दातेरी फाळ थोडीशी वळते. उलटं मात्र सहजी होत नाही: रस्त्यानं चाकाला हिसका दिला तरी वर्म फार हलत नाही. हाताचं वजन हलकं झालं, दणके अडले.

आता आमच्या गाडीकडे येतो, नमनालाच घडाभर तेल झालं.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. तिथं १९५० च्या दशकात फियाट ११०० बनू लागली, १९६४ मध्ये 'डिलाइट' आली आणि १९७४ मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. मूळ आराखडा इटलीतला, १९६२ चा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये हद्दपार झाली, तोवर हा आराखडा साठी ओलांडून गेला होता.

पद्मिनीत स्टेअरिंग बॉक्स आहे. बॉक्समधून निघालेला आर्म, मधला आडवा रॉड, पलीकडे त्याला तोलणारा आयडलर आर्म, दोन बाजूंना दोन टाय रॉड, टोकांना बॉल जॉइंट आणि शेवटी प्रत्येक चाकाची खिळी, म्हणजे किंगपिन. ही किंगपिन लांकेन्स्परगरच्याच खिळीची नात. गंमत म्हणजे दिसायला रणगाडा असलेल्या ॲम्बेसेडरला रॅक अँड पिनियन होतं, म्हणजे एक दातेरी पट्टी आणि तिच्यावर एक छोटं दातेरी चाक, सांधे कमी. मारुती ८०० लाही तेच. पद्मिनीत सांधे जास्त, आणि जिथं सांधा तिथं झीज.

हिशोब करून बघितला. समजा स्टेअरिंगचं गुणोत्तर १६ ला १, म्हणजे रस्त्यावरचं चाक १ अंश वळायला हातातलं १६ अंश फिरवायचं. हातातल्या चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर धरला तर १६ अंश म्हणजे काठावर साडेपाच सेंटिमीटर. आणि रस्त्यावरच्या चाकाला १ अंश ढिला करायला किती झीज लागते? १५ सेंटिमीटरच्या आर्मवर जेमतेम अडीच मिलिमीटर. तीही एका ठिकाणी नको, पाच-सहा सांध्यांत अर्धा-अर्धा मिलिमीटर वाटून घेतली तरी पुरे. जे गुणोत्तर हात हलका करतं, तेच झीज सोळा पट करून हातात देतं. कुठलाही सांधा एकटा वाईट नसतो, बेरीज वाईट असते.

म्हणजे बाबांचा हात हलत नव्हता. प्रत्येक वेळी दोन इंच रिकामी जागा ओलांडून ते गाडीला पकडत होते. अशा गाडीत हात न हलवणाराच खड्ड्यात गेला असता.

दुसऱ्या दिवशी गाडी जुन्या मिस्त्रींकडे नेली. मी ऐटीत म्हटलं, "मामा, बॉक्सचा स्क्रू जरा आवळा, प्ले जाईल." ते हसले. म्हणाले, बॉक्स मध्यावरच जास्त झिजतो, कारण गाडी जास्त वेळ सरळ चालते. मध्यासाठी आवळलं तर वळणावर स्टेअरिंग धरून बसेल. मग मला आत बसवून स्टेअरिंग जरा-जरा डावी-उजवीकडे हलवायला लावलं आणि स्वतः खाली शिरले. एकेका सांध्यावर बोट ठेवून कुठला हलतो आणि कुठला नुसता मान हलवतो ते बघत होते. आम्ही कोडमधला बग शोधताना अर्धा-अर्धा भाग वगळत जातो, तसंच. नंतर जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं: किंगपिन. डावी-उजवीकडे धरून हलवलं: टाय रॉडचं टोक.

बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "बॉक्स ठीक हाय. किंगपिन दोन्हीकडच्या गेल्या, आयडलरचा बुश गेला, दोन बॉल जॉइंट. ग्रीसिंग कधी केलेलं?"

मी म्हटलं, "सर्व्हिसिंग दरवर्षी होतं की."

"सर्व्हिसिंग न्हाई, ग्रीसिंग. ही निपलं बघा. सुकून दगड झाल्यात."

मला खरंच माहीत नव्हतं. पुण्यातल्या माझ्या गाडीचे सांधे सीलबंद आहेत, ग्रीस कारखान्यातच भरलेलं. पद्मिनीच्या किंगपिनमध्ये बाहेरून, निपलला गन लावून ग्रीस भरावं लागतं, दर काही हजार किलोमीटरनं, नेमानं. तेच ग्रीस पाणी आणि धूळ बाहेर ढकलतं. नाही भरलं तर लोखंडावर लोखंड.

घरी येऊन बाबांची गाडीची वही काढली. तारीख, किलोमीटर, काम, खर्च. 'ग्रीसिंग' हा शब्द प्रत्येक पानावर तीन-चारदा. शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यातली. त्यानंतर गाडीचं सगळं मी बघतो. माझ्या नोंदी वहीत नाहीत, मोबाइलमध्ये आहेत: ऑइल, बॅटरी, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम.

चार वर्षं ग्रीस मी घातलं नाही, आणि किल्ली त्यांची काढून घेतली.

कामाला चार दिवस लागले. नवे बुश, त्यांना रीमिंग, किंगपिन, आयडलर, शेवटी अलाइनमेंट. शनिवारी गाडी घरी आणली आणि वहीसकट किल्ली बाबांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "बाबा, हात तुमचा नव्हता. ग्रीसिंग माझं राहिलं होतं. चुकलो."

बाबांनी वही उघडली, खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, "किलोमीटर किती झालेत?"

मी बघितलं नव्हतं. ते उठून स्वतः बघायला गेले. पाच मिनिटांनी इंजिनचा आवाज आला. आईनं खिडकीतून बघितलं आणि मला म्हणाली, "तू नाही गेलास बरोबर?"

नाही गेलो. वय ६९ आहे हे खरंच आहे, आणि कधीतरी ती किल्ली खिळ्याला कायमची अडकणार हेही खरं. पण ते ठरवायच्या आधी हात आणि रस्ता यांच्यामधले सगळे सांधे तपासायचे, एवढं मी शिकलो.

वीस मिनिटांनी बाबा परत आले. वहीत लिहिलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "उजवीकडे किंचित जड वाटतंय. नवीन बुश आहेत, बसतील. दोन हजार किलोमीटरला परत ग्रीसिंग. तुझ्या त्या मोबाइलमध्ये लिहून ठेव."

लिहून ठेवलंय.