आधी तडा, मग मीठपाणी

साल १९६५च्या आसपासचं. वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅकच्या काठावर अमेरिकी नौदलाची संशोधन प्रयोगशाळा आहे, तिथे तुम्ही उभे आहात. समोर टायटॅनियमच्या मिश्रधातूची आडवी दांडी. तिचं एक टोक घट्ट आवळलेलं, दुसऱ्या टोकाच्या लांब दांड्यावर वजनं. मधोमध खाच, आणि खाचेभोवती प्लॅस्टिकचं भांडं.

याच नौदलाची ‘थ्रेशर’ पाणबुडी १२९ माणसांसह बुडाली ती १९६३ साली. नौदलाला आता खोल पाण्यात विश्वासाने उतरायचं आहे. टायटॅनियम पोलादाहून चाळीसेक टक्के हलकं आणि समुद्रात न गंजणारं. गुळगुळीत नमुने ताणून खाऱ्या पाण्यात ठेवले, तरी त्यांना काही होत नाही.

इथले संशोधक बी. एफ. ब्राऊन यांनी मात्र नमुना गुळगुळीत ठेवलेला नाही. वारंवार वाकवून खाचेच्या तळाशी आधीच बारीक तडा पाडला आहे. मला हे धाडस फार मोलाचं वाटतं, कारण खऱ्या जोडकामात असा एखादा तडा असतोच.

कोरड्या हवेत दांडी वजन पेलते. आता भांड्यात साडेतीन टक्के मिठाचं पाणी ओतलं जातं. पाहत राहा. तेच वजन, तीच दांडी, आणि काही मिनिटांतच ती तुटते! गंजाचा डागसुद्धा नाही. तुटलेल्या पृष्ठावर चकाकणारे सपाट पैलू आहेत. धातूचे कण सरळ चिरले गेलेत.

टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. खरचटला तर तो क्षणात भरून येतो. पण तड्याच्या टोकाशी ताण त्याला सारखा फाडतो, उघड्या धातूला पाणी भिडतं आणि तडा पुढे सरकतो. हायड्रोजन आत शिरून धातू ठिसूळ करतो, असं अनेक संशोधक मानतात. ॲल्युमिनियम सहा टक्क्यांपुढे गेलं की धोका वाढतो, आणि नौदलाच्या या मिश्रधातूत ते सात टक्के आहे.

तेवढा एक टक्का कमी करून, थोडं मॉलिब्डेनम घालून नवा मिश्रधातू तयार झाला. १९७३ साली चला: ‘ॲल्विन’ या संशोधन-पाणबुडीचा माणसं बसण्याचा पोलादी गोल काढून त्याच मिश्रधातूचा गोल बसवला जातोय. पोलादी गोलाची मर्यादा सुमारे १८०० मीटर होती, याची ३६००. चारच वर्षांनी गॅलापागोसजवळ ‘ॲल्विन’मधल्या माणसांनी समुद्रतळावरचे उष्ण झरे आणि त्यांच्याभोवतीची जीवसृष्टी पाहिली, ती सुमारे २५०० मीटरवर. जुना गोल तिथवर पोचलाच नसता.