संध्याकाळचा व्यायाम आणि मध्यरात्रीची साखर

अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल याला १९९९ मध्ये टाइप वन मधुमेह असल्याचे निदान झाले. पुढच्याच वर्षी सिडनीत आणि त्यानंतर २००४ मध्ये अथेन्सला त्याने ५० मीटर फ्रीस्टाइलचे ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले. वासिम अक्रमही निदानानंतर काही वर्षे क्रिकेट खेळत राहिला. तरीही आपल्याकडे हा आजार झालेल्या मुलाला शाळेच्या मैदानावर पाठवायला पालक धजावत नाहीत. त्यांची भीती अगदीच निराधार नाही, पण तिचे कारण समजून घेतले तर मार्ग निघू शकतो.

निरोगी माणूस धावू लागला की त्याचे स्वादुपिंड इन्सुलिनचा स्राव आपोआप कमी करते. टाइप वनच्या रुग्णाने सकाळी टोचून घेतलेले इन्सुलिन मात्र संध्याकाळी परत काढून घेता येत नाही. त्यातच व्यायाम करणारे स्नायू रक्तातील साखर अधिक वेगाने ओढून घेतात. व्यायाम संपल्यावरही रिकामे झालेले साठे भरून काढण्याचे त्यांचे काम पुढे अनेक तास, कधी कधी २४ तासांपर्यंत चालू राहते. संध्याकाळी मनसोक्त फुटबॉल खेळलेल्या मुलाची साखर मध्यरात्री, गाढ झोपेत उतरते, ती यामुळेच.

म्हणूनच रुग्ण दीर्घकाळ चालणारे कोणते इन्सुलिन घेतो, याला महत्त्व येते. यातील सर्वांत जुने एनपीएच हे १९४६ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅगेडॉर्न यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. स्वस्त असल्याने ते आजही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तासांच्या दरम्यान त्याचा जोर सर्वाधिक असतो. रात्रीच्या जेवणाआधी घेतले तर हा जोर नेमका मध्यरात्री येतो. शिवाय हे दुधाळ औषध हातांत फिरवून नीट मिसळले नाही तर त्याचा परिणाम रोज वेगळा होतो. अनेक घरांत दुर्लक्षित राहणारी बाब हीच!

२००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ग्लार्जिन त्वचेखाली सूक्ष्म कणांच्या रूपात साठते आणि सुमारे २४ तास हळूहळू विरघळते. त्याचा जोर बराच सपाट असतो. त्यानंतर आलेले डेटेमिर बरेच रुग्ण दिवसातून दोनदा घेत. खेळाच्या दिवशी फक्त रात्रीचा डोस कमी करण्याची सोय त्यात होती. अमेरिकेत मात्र २०२४ अखेर त्याचा पुरवठा बंद झाला. डेग्लुडेकचा प्रभाव ४२ तासांहून अधिक टिकतो. त्याची पातळी स्थिर व्हायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे आज खेळायचे म्हणून आजचा डोस कमी केला तरी आज फारसा उपयोग होत नाही. अशा रुग्णाने जेवणाआधीचे इन्सुलिन कमी करणे किंवा जादा खाणे, यांवरच भिस्त ठेवायची असते.

इतर इन्सुलिन घेणाऱ्यांना दुपारनंतर दीर्घ व्यायाम झाल्यास रात्रीचा डोस सुमारे २० टक्के कमी करण्याचा सल्ला तज्ज्ञ अनेकदा देतात. अर्थात, हा आकडा प्रत्येकाने स्वतःच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचा. इन्सुलिन पूर्ण बंद करणे हा मार्ग कधीच नव्हे. ते जिवावर बेतू शकते.

व्यायामाला सुरुवात करताना साखर साधारण १२६ ते १८० मिलिग्रॅम असावी. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी गोड खावे. २७० च्या वर असेल आणि त्याचे कारण सापडत नसेल तर कीटोन तपासावेत; ते वाढलेले असताना व्यायाम टाळावा. वेगाने पळणे किंवा वजने उचलणे यांमुळे साखर काही काळ उलट वाढते. त्या वेळी घाईने इन्सुलिन टोचले तर रात्री धोका वाढतो. धावण्याआधी मांडीत इंजेक्शन घेणेही टाळावे.

हातपाय थरथरणे, घाम येणे, भान हरपू लागणे ही लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बिस्किटांतील साखर हळू शोषली जाते, म्हणून ती नंतर द्यावीत. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन असल्यास ते द्यावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे. हे सारे घरच्यांइतकेच खेळाच्या शिक्षकांनाही ठाऊक असायला हवे, कारण मैदानावर त्या क्षणी तेच जवळ असतात.