पाथरी जाड अक्षरात

मथळ्यांचे आणि पाट्यांचे अतिजाड अक्षर देवनागरीने इंग्रजीकडून उचलले, असे सर्रास मानले जाते. गरजेपुरते ते खरे आहे. दुरून नजर खेचणारे अक्षर हवे, ही निकड एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या भिंतींवर जन्मली. सोडतींच्या जाहिराती तिथे एकमेकींशी झुंजत होत्या आणि रॉबर्ट थॉर्नसारख्या छपाईचे खिळे ओतणाऱ्यांनी रोमन अक्षराच्या उभ्या रेघा फुगवल्या, आडव्या रेघा नि टोकांचे सेरिफ मात्र केसाएवढे बारीक ठेवले. भरदारपणा मात्र देवनागरीला उसना घ्यावा लागला नाही. तिरप्या कापाच्या बोरूने उभा दंड आणि शिरोरेषा दोन्ही सारख्याच ठसठशीत उमटतात. बारकावा तिरक्या वळणांत जातो. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये मुंबईत खिळे ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी त्यांच्यासाठी कोरलेले खिळे याच बोरूच्या वळणाचे होते, आणि त्यांची देखणी घडण मला आजही थक्क करते.

फरक कुठे पडतो ते मराठवाड्यातल्या ‘पाथरी’ या गावाचे नावच लिहून पाहावे. प, काना, थ आणि दुसरी वेलांटी मिळून चार उभे दंड. लंडनच्या रीतीने फक्त तेच फुगवले तर नाव कुंपणासारखे दिसते आणि थ ची ओळख ज्या गाठीत आहे, तीच क्षीण होते. बोरूच्या रीतीत शिरोरेषाही दंडांच्या तोलाची राहते, म्हणून शब्द एकसंध वाचला जातो. शिरोरेषा हाच आपला सेरिफ, हे म्हणणे मला पटत नाही. सेरिफ एका रेघेचे टोक मिटवतो. शिरोरेषा अख्खा शब्द धरून ठेवते.

कोणी विचारील, या मुंबईच्या कथेत पाथरीचा संबंध काय? पाथरी निजामाच्या राज्यात, तिथे राजभाषा उर्दू होती आणि उर्दूची छपाई प्रामुख्याने कातिबाच्या हातच्या शिळाछापाची. कुळकर्ण्यांची दप्तरे मोडीत. आक्षेप रास्त आहे. पण म्हणूनच हे गाव कसोटीला योग्य. ते राज्य संपल्यावर, १९४८ नंतर, मराठवाड्यात मराठी कारभाराच्या पाट्यांवर आली, तेव्हा जाड अक्षर घडवायला धातूचा खिळा लागलाच नाही. पाट्या रंगवणाऱ्याचा चपटा ब्रश तिरका धरला की बोरूचेच काम करतो.

रोमन रीतही आता देवनागरीत आली आहे. इंडियन टाइप फाउंड्रीच्या २०१४ च्या ‘रोझा वन’ या टंकात जाड-बारीकतेचा टोकाचा फरक मुद्दाम राखला आहे. मुखपृष्ठावर दोन-तीन शब्दांना तो शोभतो, लग्नपत्रिकेवरही. परिच्छेदाच्या आकारात उतरवला की बारीक रेघा विरतात, घ, ध, भ यांची पोटे बुजतात, आणि वाचणाऱ्याला अक्षर ओळखायला थांबावे लागते.